बुक्क्याचा अंगठा

"बुवा आल्याशिवाय आमच्यातलं कुणी दंड पुढे करायचा नाही," असं बिरनाळे गुरुजींनी जाहीर केलं आणि सभामंडपातली म्हातारी मंडळी खांबांना पाठ टेकून निवांत बसून राहिली. माघातली दुपार होती. पुण्याहून माझ्याबरोबर आलेली नर्स हातमोजे चढवून, नळ्यांचा डबा उघडून कधीची तयार होती, आणि एकही माणूस उठायला राजी नव्हता.

"गुरुजी, काल कीर्तनात अण्णांनीच तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलं तर. पण आमच्या बुवांची रीत तुला ठाऊक आहे, वेणू. प्रदक्षिणा सांगितल्या तर पहिली त्यांची. उपास सांगितला तर पहिला त्यांचा. आता रक्त सांगितलंय."

"आणि बुवा आहेत कुठे?" कुणीतरी विचारलं.

"मिरजेला," माझी वच्छीआत्या बायकांच्या बाजूने म्हणाली. "तंबोरा दुरुस्तीला. गेल्या दसऱ्यापासून आठवड्यातून दोनदा दुरुस्त होतोय. एवढा दुरुस्त झालाय की आता तो आपणच गाईल, बुवांची गरज नाही."

मंडपात हशा पिकला. मीही हसले.

अण्णा म्हणजे माझे वडील, श्रीपादबुवा टाकळीकर. कुरुंदवाडच्या राममंदिरात त्यांची कीर्तनं होत. मी लहान असताना आई गेली, आणि आत्याने व अण्णांनी मला देवळात आणि घरात मिळून वाढवलं. पुढे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रेणूंचा अभ्यास करू लागले. किडनी फार सोशिक असते, अर्ध्याहून जास्त निकामी होईपर्यंत तक्रार करत नाही. त्याच्या आधीच रक्तात कुठे खूण उमटते का, ते मी शोधत होते. आजाऱ्यांचं रक्त इस्पितळांतून मिळे. तुलनेला धडधाकट म्हातारे हवे होते, आणि तसे म्हातारे एका जागी बसलेले मी एकाच ठिकाणी पाहिले होते.

आदल्या दिवशी अण्णांनी माझं काम पूर्वरंगात घेतलं होतं. 'मायक्रो-आरएनए' हा शब्द त्यांनी माझ्याकडून फोनवर पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला होता, एखाद्या स्तोत्रातलं जोडाक्षर घोटावं तसा. "करतात काय हे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "पेशीत जे काम चाललेलं असतं, त्याला 'पुरे आता' म्हणून सांगतात. अगदी बारके असतात, अण्णा."

कीर्तनात त्यांनी त्याचं काय केलं, ते मी आजवर विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. दस्तगीरकाकांचा तबला रंगात होता. अण्णा मध्येच थांबले, काकांकडे पाहिलं आणि फक्त भुवई हलवली. ठेका जागच्या जागी थांबला.

"मी बोललो काही?" अण्णांनी मंडळींना विचारलं. "हात वर केला? पाय आपटला? तुमच्यातल्या कुणाला कळलंसुद्धा नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळलं. ही भुवई म्हणजे वेणूचा रेणू. शरीर म्हणजे चाललेलं कीर्तन. कुणी गायचं, कुणी थांबायचं, हे अशा खुणांवर चालतं. घरात दुखणं आलं की या खुणा चुकायला लागतात, आणि चुकलेल्या खुणा रक्तात वाहत येतात. आमची पोर त्या वेचते आहे. उद्या तिला चमचाभर रक्त द्या. रामाने दिलेलंच आहे."

आणि आता रक्त द्यायची वेळ आली तर अण्णांचा पत्ता नव्हता.

ते आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दस्तगीरकाकांच्या स्कूटरवरून उतरले आणि पायरीवर हात टेकून जरा थांबले. दस्तगीरकाका मिरजेचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवायचं काम. तबला त्यांनी हौसेने उचलला आणि पुढे तो अण्णांच्या कीर्तनाचा अर्धा भाग झाला.

"तंबोरा कुठाय?" आत्याने विचारलं.

"राहिला दुकानात," काका म्हणाले आणि स्कूटर लावायला गेले. एरवी आत्याच्या एका वाक्याला त्यांची दोन असत.

अण्णांनी पाय धुतले, रामाला नमस्कार केला आणि बुक्क्याची वाटी घेऊन मंडपात फिरले. जो रक्त देणार त्याच्या कपाळाला त्यांनी आपल्या अंगठ्याने बुक्का लावला. मग नर्सपुढे बसले.

"काही दुखणी? साखर, रक्तदाब, किडनी?" तिने विचारलं.

"रामकृपेने उभा आहे," अण्णा म्हणाले.

"बसलाय की, बुवा," गुरुजी म्हणाले. पुन्हा हशा. नर्सही हसली आणि तिने कागदावर पुढच्या सगळ्या 'नाही'वर खुणा करून टाकल्या.

"डावा हात द्या."

"उजव्यातून घे, बाई," अण्णा म्हणाले. डाव्या हाताची बाही त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतली. त्या वर्षी ते सदैव लांब बाह्यांचा अंगरखा घालत, आणि चिपळ्या उजव्या हातात धरत. वय झालं, डावा खांदा धरतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

नळी भरली. नर्सने ती स्टँडमध्ये ठेवायच्या आधी अण्णांनी मागून घेतली आणि क्षणभर मुठीत धरली.

"गरम आहे गं, वेणू," ते म्हणाले. "नीट ने."

मग बाकीच्यांनी दंड पुढे केले.

नियमाप्रमाणे कोणती नळी कोणाची, हे मला कळायचं नव्हतं. नळ्यांवर नुसते आकडे होते, तेही आधी पिसून लावलेले. नावं आणि आकडे जुळवणारं पाकीट नर्सने बंद करून आमच्या प्रमुख परचुरे मॅडमकडे द्यायचं होतं. पण संध्याकाळी मिरजेच्या एका ओळखीच्या लॅबमध्ये रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा करताना माझ्या हातात एक नळी आली, तिच्या कागदावर काळा, सुवासिक अंगठा उमटलेला होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि आकडा दिसेपर्यंत पुसला. एक्केचाळीस.

पुण्यात पंधरवड्याने या नळ्यांची पाळी आली.

आमच्या यंत्रात हवा तो आरएनएचा तुकडा सापडला की पडद्यावर एक रेघ हळूहळू वर चढते. जितका तुकडा जास्त, तितकी ती लवकर चढते. गावाकडच्या सगळ्या रेघा शहाण्या मुलांसारख्या रांगेने चढल्या. एक्केचाळीसची मात्र तळाशी आडवी पडून राहिली.

मी नवं मिश्रण करून पुन्हा लावली. तसंच झालं. रसायनांची पेटी बदलून बघितली, तरी तसंच. शेवटी मॅडमना बोलावलं. परचुरे मॅडम थोड्या बोलत आणि चष्म्यावरून बघत.

"बाहेरून टाकलेला तुकडा?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक नमुन्यात आम्ही स्वतः एक ओळखीचा तुकडा घालत असू. तो माणसाचा नसे, एका सूक्ष्म किड्याचा असे. रक्तात काही असो वा नसो, तो सापडलाच पाहिजे, म्हणजे काम नीट झालं हे कळतं.

"तोही सापडत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे रक्तात तुकडे नाहीत असं नाही. रक्तात असं काहीतरी आहे जे यंत्राचा गळा दाबतंय." त्यांनी चष्मा काढला. "हेपॅरिन. रक्त गोठू नये म्हणून हिरव्या टोपणाच्या नळीत असतं ते. थोडं राहिलं तरी रेघ चढू देत नाही. चुकून हिरवी नळी वापरलीत?"

"सगळ्या जांभळ्या टोपणाच्या होत्या. मी स्वतः उघडल्या."

"मग ते माणसाच्या अंगातच होतं. रक्त द्यायच्या आधी, त्याच दिवशी कधीतरी टोचलं असेल."

"निरोगी माणसाला कशाला टोचतील?"

"निरोगी माणसाला नाही टोचत. हृदयाच्या कामात देतात. नाहीतर डायलिसिस लावताना." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "ठीक आहे, हा नमुना वगळ. आणि त्यांच्या नेहमीच्या तपासण्या कधी येणार आहेत ते बघ. कुणीतरी आपल्यापासून आजार लपवलाय."

मॅडम गेल्या. मी खुर्चीवर बसून राहिले. मनगटापर्यंत ओढलेली बाही, उजव्या हातातल्या चिपळ्या, आठवड्यातून दोनदा दुरुस्त होणारा तंबोरा. आणि एक गोष्ट, जिच्याकडे मी सुट्टीत घरी असताना लक्षच दिलं नव्हतं: आत्याने पानात वाढलेलं केळं अण्णा हल्ली गोठ्यातल्या गाईला घालत. किडनीच्या आजाऱ्याला केळं वर्ज्य असतं.

हेपॅरिन खाऊन टाकणारं एक एन्झाइम असतं. ते मी एक्केचाळीस नंबरमध्ये घातलं, ठरलेला वेळ तापवलं आणि पुन्हा यंत्रात लावलं. मॅडमनी वगळ म्हटलं होतं, आणि वगळलेल्या नमुन्यावर पुढे काम करायचं माझ्याकडे कारण नव्हतं. तरी लावलं.

या वेळी रेघा चढल्या. ज्या तीन तुकड्यांमागे मी तीन वर्षं घालवली होती, ते तिन्ही आजारी माणसांच्या रक्तात चढतात त्याहूनही आधी, सरळ, स्वच्छ चढले. माझं म्हणणं खरं आहे याचा एवढा ठळक पुरावा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. मी पडदा बंद केला.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी त्यांना बुक्क्याच्या अंगठ्याबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ टेबलावरच्या बंद पाकिटाकडे बघत होत्या.

"हे पाकीट मी उघडणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तू मला काही सांगितलेलं नाहीस. गावी उत्सव आहे ना तुझ्या? रजा घे. वडिलांना भेटून ये."

चैत्र लागला होता. मी मिरजेला उतरले ती घरी न जाता सरळ तंबोरेवाल्यांच्या गल्लीत गेले. दस्तगीरकाका दारात बसून एका भोपळ्याला पॉलिश देत होते. मागे भिंतीला अण्णांचा तंबोरा टेकलेला होता, गवसणी घातलेला, गवसणीवर धूळ.

"तंबोरा इथं आहे," मी म्हटलं. "अण्णा कुठे आहेत, काका?"

काकांनी फडकं खाली ठेवलं. "बुवांनी मला रामाची शपथ घातलीय, पोरी. सांगायचं नाही म्हणून."

"मग सांगू नका."

"सांगत नाहीच." ते उठले, पायात चपला घातल्या आणि भोपळा दुकानातल्या पोराच्या हवाली न करता तसाच दारात ठेवून चालायला लागले. "तू माझ्या मागनं चाल. कुणी कुणाच्या मागनं चालू नये अशी काही शपथ नाही."

गल्लीतून बाहेर, चौक ओलांडून आम्ही एका इस्पितळात शिरलो. जिना चढलो. लांबट खोलीत ओळीने पलंग, प्रत्येकाशेजारी एक यंत्र, आणि खिडकीजवळच्या पलंगावर अण्णा. डाव्या हाताची बाही दंडापर्यंत वर गेलेली. कोपराच्या आत एक फुगलेली शीर, तिच्यात दोन सुया, आणि त्यांतून लाल नळ्या यंत्रात जाऊन परत येत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. नाम चाललं होतं.

मी पायाशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले.

"आलीस?" मी नदीवरून आल्यासारखं त्यांनी विचारलं. मग काकांकडे बघितलं. "दस्तगीर."

"मी काही बोललो नाही, बुवा. विचारा तिला."

"काका बोलले नाहीत," मी म्हटलं. "तुमचं रक्त बोललं."

मी स्टुलावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. नळीवरचा पुसलेला बुक्क्याचा अंगठा, न चढलेली रेघ, किड्याचा तुकडा, हेपॅरिन. अण्णा एखादं नवं आख्यान ऐकावं तसे ऐकत होते.

"शिबिराच्या दिवशी तुम्ही इथं येऊन मग देवळात आलात," मी म्हटलं.

"वार नव्हता त्यांचा," काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "वार दुसऱ्या दिवशी होता. इथल्या डॉक्टरांचे पाय धरायला निघाले होते, आजच करा म्हणून. त्यांनी बसवलं मधे कुठंतरी."

"का पण, अण्णा? आला नसता तर मला कळलंही नसतं."

नळीतून रक्त जात-येत होतं.

"तू कधी काही मागितलं नाहीस गं," ते म्हणाले. "शाळेत असल्यापासून. आई नसलेलं पोर मागायला कचरतं, मला दिसायचं ते. पहिल्यांदा मागितलंस, तेही चमचाभर रक्त. नाही कसं म्हणू? पण दोन दिवसांचं साचलेलं, काळवंडलेलं. देवाला पाणी द्यायचं तर आपण तांब्या घासून घेतो. म्हटलं, पोरीच्या कामाला द्यायचं, तर निदान धुऊन द्यावं."

काकांनी खिडकीची कडी उगाच लावली आणि पुन्हा काढली.

"धुताना त्यात औषध घालतात, अण्णा. त्यानेच कळलं."

"असं होय." ते थोडे हसले. मग हसू गेलं. "तुझं काम बिघडलं का त्यामुळे?"

"नाही बिघडलं."

"नाही ना? मला तीच धास्ती होती."

मी त्यांचा उजवा हात धरला. थोड्या वेळाने काकांना विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"हृदय थकलंय म्हणतात. हे यंत्र त्याला फार दिवस झेपायचं नाही. किडनी बदलली तर बुवा उभे राहतील. घरात देणारं कुणी आहे का, असं विचारलं."

"मग?"

"बुवांनी सांगितलं, कुणी नाही."

मी अण्णांकडे बघत राहिले. त्यांनी नजर छताला लावली होती.

"कुणी नाही?" मी म्हटलं.

"वेणू."

"तुमचा आणि माझा रक्तगट एक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर."

"अण्णा, माझं बालपण तुमच्या पेटीशेजारी गेलं. हाडं काढून देणाऱ्या ऋषीचं आख्यान मी झोपेत म्हणेन. देह द्यायला मिळणं हे केवढं भाग्य, हे मला कुणी शिकवलं?"

"त्या ऋषीकडे मागायला देव आले होते," अण्णा म्हणाले. "बाप नव्हता आला."

"मग बापाने मागावं."

"नाही यायचं ते माझ्या जिभेवर. तू देशील, मला माहीत आहे. हसत देशील. म्हणूनच मागता येत नाही." "बिरनाळे गुरुजी दर उत्सवात माझ्या मागे लागतात, की अतिथीसाठी लेकराला उखळात घालणाऱ्या राजाराणीचं आख्यान लावा. सगळे बुवा लावतात, बायका रडतात, मंडप भरतो. मी जन्मात लावलं नाही. तू झाल्यापासून तर वाचलंही नाही. ज्या घासाची गोष्ट मला सांगवत नाही, तो घास मी खाऊ?"

यंत्र बारीक शीळ घालत राहिलं. नर्सने येऊन सुया काढल्या, कापूस दाबला. ती गेल्यावर अण्णा बाही खाली ओढायला लागले, तेव्हा मी त्यांचा डावा हात थांबवला आणि त्या फुगलेल्या शिरेवर बोटं ठेवली. कातडीखाली सतत एक थरथर चालली होती, जवारी नीट लागून घुमणाऱ्या तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवल्यासारखी.

"वाजतो ना?" अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी धमनी शिरेला जोडलीय, त्याने असं होतं. तंबोरा दुरुस्तीला जातो म्हणायचो, ते अगदीच खोटं नव्हतं बघ."

घरी आत्या ओट्याशी उभी होती. आम्हाला तिघांना एकत्र बघून तिने गॅस बंद केला.

"कळलं तर तुला," ती मला म्हणाली.

"तुला माहीत होतं, आत्या?"

"आमटीत मीठ नको, केळं नको, शहाळं नको, पाणीसुद्धा भांड्याने मोजून. मला काय आंधळी समजलात? माझी किडनी दिली असती मी, पण माझ्या साखरेमुळे कोण घेतंय." तिने पदराने हात पुसले. "मी म्हटलं, तो सांगेल तेव्हा कळून घेऊ. आता पानं घेते."



दोन दिवसांनी उत्सवातलं अण्णांचं कीर्तन होतं. संध्याकाळी मंडप भरला. मी बायकांत आत्याशेजारी बसले. अण्णा उभे राहिले ते एका हाताने खांब धरूनच, पण आवाज लागला आणि ते सरळ झाले.

पूर्वरंगात ते म्हणाले, "देणाऱ्यांच्या कथा आम्ही फार सांगितल्या. देणाऱ्याला फुलं पडतात, विमान येतं. आज जरा मागणाऱ्याकडे बघू. देताना हात वर असतो, माणूस मोठा दिसतो. मागताना हात खाली. त्याला विमान येत नाही. तरी देव आपल्याकडे येतो तो कायम मागायलाच, असं का बरं?" त्यांनी याचं उत्तर दिलं नाही. एवढ्यावरच ते बराच वेळ गात राहिले.

मध्यंतरात गुरुजींनी त्यांना हार घातला, बुक्का लावला आणि नेहमीप्रमाणे कानाशी काहीतरी पुटपुटले. दरवर्षी अण्णा यावर हसून मान हलवत. त्या दिवशी हसले नाहीत. मान मात्र होकारार्थी हलली, आणि गुरुजी जागेवर बसताना अडखळले.

उत्तररंगात अण्णांनी राजाराणीची कथा लावली.

मी ती दुसऱ्या बुवांकडून ऐकली होती, पण अण्णांनी ती वेगळीच सांगितली. उखळ, मुसळ, रक्त हे काही आलंच नाही. राणी लेकराला शेवटचं न्हाऊ घालते, तिथे ते थांबले. कोमट पाणी, कानामागचा मळ, डोळ्यांत जाणारा साबण चुकवायला आईने कपाळावर धरलेला हात. आई गेल्यावर मला त्यांनी असंच न्हाऊ घातलं होतं. बायकांत कुणी रडत नव्हतं, सगळ्या नुसत्या बघत होत्या.

मग पान वाढलं जातं. अतिथी हात आखडता घेतो. म्हणतो, ज्या घरात लेकरू नाही तिथे मी जेवत नाही. तुमच्या लेकराला बोलवा. दारात उभ्या राहा आणि हाक मारा.

इथे सगळे बुवा लेकराचं नाव घेऊन हाक घालतात, आणि ते जिवंत होऊन धावत येतं. तबला चढत जातो, टाळ्या चढत जातात. अण्णा मंडपाच्या पुढच्या कडेला आले. दस्तगीरकाकांचा ठेका चढत होता. अण्णांनी त्यांच्याकडे बघून भुवई हलवली. ठेका थांबला.

अण्णांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"वेणू," ते म्हणाले. "ये गं."

मंडळींना वाटलं, बुवांनी कथेत आपल्या लेकीचं नाव गुंफलं. कुणी कौतुकाने "वा" म्हटलं. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पुढे ढकललं.

"ये गं बाई," अण्णा पुन्हा म्हणाले. आवाज कथेतला राहिला नव्हता. "तुझ्याशिवाय मला घास जात नाही."

मी उठले. बायकांनी गुडघे आवरून वाट दिली. तेवढं अंतर चालताना मला एवढंच दिसत होतं की त्यांचा हात अजून पुढेच आहे, तळवा वर, आणि ते तो खाली घेत नाहीत. मी जाऊन तो धरला. त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा आपल्याच कपाळावरच्या बुक्क्यात टेकवला आणि माझ्या कपाळाला लावला. काकांनी मान खाली घातली होती, तबल्यावर एक थेंब पडला. तो त्यांनी तळव्याने पुसला. मग अण्णांनी पुन्हा भुवई हलवली, आणि ठेका सुरू झाला.

तपासण्या, परवानग्या यांत पावसाळा गेला. माझ्या शोधनिबंधात एक्केचाळीस हा आकडा नाही. निरोग्यांत तो बसेना, आणि आजाऱ्यांत घालायला कुणाची लेखी संमती नव्हती. मॅडमनी पाकीट उघडल्यावर मला काही विचारलं नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आमचे दोन्ही स्ट्रेचर व्हरांड्यात शेजारीशेजारी लावले होते. अण्णांनी उशीखालून पुडी काढली आणि हात लांब करून माझ्या कपाळाला अंगठा टेकवला. नर्स रागावली. आत असलं काही चालत नाही म्हणाली, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन आली.

"पूस, बाई," अण्णा तिला म्हणाले. "हिनेही एकदा पुसलाय माझा."

बोळ्याचा थंड वास आणि बुक्क्याचा वास कपाळावर एक झाला. मी डोळे मिटले. शेजारी अण्णांचे ओठ हलत होते, ते मला ऐकू येत होतं. मग चाकं फिरली आणि आधी माझं स्ट्रेचर आत गेलं.